तिसरी हाक

१

दुसऱ्यांना झोपवण्याची विद्या शिकणाऱ्या माणसाला स्वतःची झोप मात्र सर्वांच्या आधी मोडावी लागते. शस्त्रक्रिया आठ वाजता सुरू होत. पण भूलशास्त्र शिकायला आलेल्या त्या तरुण डॉक्टरला सव्वासातलाच तीन नंबरच्या थिएटरात हजर राहावे लागे. विभागात ती सर्वांत नवी आणि वयाने सर्वांत लहान, त्यामुळे तिचे नाव पहिल्याच आठवड्यात मागे पडले आणि 'धाकटी' एवढेच उरले. विभागप्रमुख त्या मोठ्या बाई, तेव्हा ही धाकटी, अशी वाटणी मामांनी केली होती. मामा म्हणजे थिएटरातले सर्वांत जुने सेवक. डॉक्टर येत, शिकत, निघून जात. मामा मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखे तिथेच असत आणि त्या घड्याळापेक्षा अचूक असत.

सकाळच्या कामाचा क्रम ठरलेला होता. प्राणवायूचा काटा पाहायचा. घशातले पाणी ओढणारी नळी सुरू करून तिचा आवाज ऐकायचा. औषधे पिचकाऱ्यांत भरून प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची. सर्वांत शेवटी भुलीच्या यंत्राची रबरी पिशवी. पेशंटच्या तोंडाकडे जाणाऱ्या नळीचे मोकळे टोक एका तळहाताने घट्ट बंद करायचे, वायू सोडून पिशवी फुगवायची आणि दुसऱ्या हाताने ती दाबून धरायची. दाब टिकला तर यंत्र कुठे गळत नाही, असे समजायचे. त्या वेळी पिशवीने हाताखाली निमूट पडून राहावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

त्या मंगळवारी पिशवी निमूट राहिली नाही.

धाकटीने दाब सोडून हात नुसता ठेवला होता. पिशवी किंचित आत ओढली गेली, क्षणभर थांबली आणि पुन्हा भरली. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर जेवढी हलते, तेवढीच ती हालचाल. धाकटीने नळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. तिथे तिचाच तळहात होता; दुसरे कोणीही नव्हते. टेबल रिकामे होते, त्यावर डोके टेकवायची गोल उशी तेवढी ठेवलेली होती. पिशवी पुन्हा ओढली गेली. या वेळी तळहातालाही ओढ जाणवली, आणि त्यामागून ऊब.

ती ऊब तिला खटकली. सिलिंडरमधून येणारा वायू थंड असतो आणि कोरडाही. तिने हात बाजूला घेऊन पाहिला. तळवा दमट झाला होता.

'घाम,' ती मनाशी म्हणाली. एखादी झडप अडकत असेल. मग तिने तपासणीच्या वहीत 'यंत्र ठीक' असे लिहून खाली सही केली.

२

पिशवीवरचा हात ही मोठ्या बाईंनी तिला दिलेली पहिली विद्या होती.

मोठ्या बाई बुटक्या, स्थूल आणि अत्यंत सावकाश बोलणाऱ्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असे आणि त्याची एक दांडी वाकलेली असे. त्या म्हणत, "पडद्यावरचे आकडे कुणालाही वाचता येतात. हाताला वाचायला शिकव. छाती ताठ आहे की मऊ, माणूस विड्या ओढणारा आहे की नाही, भूल उतरायला लागली की नाही, सगळं पिशवी सांगते. आणि तो स्वतः श्वास घ्यायला लागला की हात सैल सोडायचा. त्याच्याशी भांडायचं नाही."

त्या तिला डोळे मिटायला लावत आणि परीक्षा घेत. "सांग, जाड की बारीक?" "विड्या?" "आज हा घाबरलाय की रोजच असा श्वास घेतो?" पहिले पंधरा दिवस धाकटीची सगळी उत्तरे चुकली. तिसऱ्या आठवड्यात ओळीने पाच बरोबर आली, तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "हात तयार होतोय." त्या तीन शब्दांवर धाकटी तरंगत घरी गेली.

घरी या विद्येची यथेच्छ थट्टा चाले. आई म्हणे, "लोकांना झोपवायला शिकायचं, त्याला इतकी वर्षं? तुझ्या बाबांनी चौतीस वर्षं गणिताचा तास घेऊन आख्खे वर्गच्या वर्ग झोपवले. त्यांना कुणी डॉक्टर म्हटलं नाही."

बाबा वर्तमानपत्र खाली न करता उत्तर देत. "माझी मुलं घंटा झाली की आपोआप उठायची. हिच्या पेशंटना उठवावं लागतं. फरक आहे."

त्या फरकाचा विचार धाकटीने तोवर केलेला नव्हता.

३

तिने स्वतःच्या हाताने भूल दिलेल्या पहिल्या पेशंट म्हणजे एक आजी. त्या शाळेचे गणवेश शिवीत. बोटांच्या टोकांवर सुयांचे बारीक काळे ठिपके होते. पित्ताशयातले खडे काढायचे होते. शस्त्रक्रिया नेहमीची, तासाभराची.

भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्यामागे बसतो, त्यामुळे त्याला चेहरा नेहमी उलटा दिसतो. हनुवटी वर, कपाळ खाली. त्या उलट्या चेहऱ्याने धाकटीला विचारले, "तू झोपवणार का गं मला?"

"हो, आजी. मोठ्या बाई आहेत ना बाजूला."

"आणि उठवायला कोण?"

"मीच."

"बघ हं. सोपी नाही मी. बाहेर लेक बसलीय, तिला विचार. मला तीन हाका लागतात. आईनं मारल्या, नवऱ्यानं मारल्या, आता लेक मारते. दोन हाकांत उठले असं आजवर झालं नाही."

"मग मी तीन मारीन."

"नक्की?"

"नक्की, आजी."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून एकवार तिच्याकडे पाहिले.

धाकटीने मास्क धरला. तिच्या हातातली पिशवी भरू लागली, ओसरू लागली. आजींच्या प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक अडखळ होती. शिंक येता येता राहावी तशी. धाकटीने ती हाताने टिपली आणि तिला आनंद झाला, कारण असे टिपता येणे हीच तर परीक्षा होती. मग औषध गेले, डोळे मिटले, श्वास यंत्राकडे आला.

शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "'मीच उठवीन' असं कुणाला म्हणू नकोस. आपली पाळी बदलते, बोलावणं येतं. 'जवळ कुणीतरी असेल' एवढंच म्हणावं. तेवढं आपल्याला पाळता येतं."

अर्ध्या तासाने कचेरीतून बोलावणे आलेच. धाकटीच्या नेमणुकीच्या कागदावर एक सही राहिली होती आणि तो शेवटचा दिवस होता. बाई थिएटरातच होत्या, दुसरा शिकाऊ डॉक्टर खुर्चीवर बसला आणि धाकटी गेली. तिथे रांग होती. चाळीस मिनिटांनी ती परतली तेव्हा तीन नंबरचे दार उघडे होते आणि मामा रिकामे टेबल पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आजी उठल्याच नव्हत्या. मेंदूतली एक रक्तवाहिनी आधीपासूनच दुबळी होती, ती फुटली होती. कोणाचीही चूक नव्हती. चौकशीच्या अहवालात हे तीन ओळींत लिहिलेले होते आणि त्या तिन्ही ओळी खऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी अतिदक्षता विभागात गेली. आजींना ओळखायला तिला क्षणभर लागले. तिने त्यांचा चेहरा सुलटा कधी पाहिलाच नव्हता. कोपऱ्यातले यंत्र त्यांचे श्वास मोजून देत होते. ती खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी."

काही झाले नाही.

"आजी, उठा. ऑपरेशन झालं."

तेवढ्यात पडदा सरकला. आजींची लेक हातात फणी घेऊन आत आली. तिने विचारले, "तुम्हीच का त्या भूल देणाऱ्या? आई आत जाण्याआधी म्हणाली होती, पोरगी गोड आहे, ती उठवणार आहे."

धाकटी "हो" म्हणाली. मग तिने घड्याळाकडे पाहिले, काम असल्याचे पुटपुटली आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी आजी वारल्या.

तिसरी हाक मारली असती तर काय झाले असते, याचे वैद्यकीय उत्तर तिला ठाऊक होते: काहीही नाही. त्या उत्तराच्या आधारावर तिने तीन आठवडे काढले. मग तो मंगळवार आला.

४

बुधवारी पिशवी पुन्हा हलली. गुरुवारीही.

धाकटी शास्त्र शिकलेली होती, तेव्हा तिने शास्त्रानेच मार्ग काढायचे ठरवले. एक नंबर आणि दोन नंबरच्या थिएटरातल्या यंत्रांच्या पिशव्या तिने धरून पाहिल्या. त्या रबराने असावे तशा निर्जीव होत्या. तीन नंबरच्या यंत्रासाठी तिने कारागिराला बोलावले. त्याने यंत्र उघडले, झडपा बदलल्या, पिशवीही नवी घातली आणि हात पुसत म्हणाला, "डॉक्टर, हे माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. तपासायचंच असेल तर मला तपासा, गुडघा दुखतो माझा."

शुक्रवारी नवी पिशवी जुनीसारखीच हलली.

त्या दिवशी धाकटीने तळहाताऐवजी नळीच्या टोकाला पारदर्शक मास्क जोडला आणि तो रिकाम्या टेबलावर, गोल उशीशेजारी पालथा ठेवला. मग ती स्टुलावर बसून पाहत राहिली. मास्कच्या आतून धुके धरले, विरले, पुन्हा धरले. तिने घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चौदा. निरोगी, शांत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा.

मग तिने पिशवीवर हात ठेवला आणि मोठ्या बाईंच्या परीक्षेत मिटायची तसे डोळे मिटले. छाती मऊ. विड्या न ओढणारी. घाबरलेली नाही, नुसती झोपलेली. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक अडखळ, शिंक येता येता राहावी तशी.

तिने हात झटकन काढून घेतला आणि किती तरी वेळ तो मांडीखाली दाबून बसली.

मामा चादरींच्या घड्या करीत आत आले. तिने शक्य तितक्या सहज विचारले, "मामा, या यंत्रात तुम्हाला कधी काही वेगळं वाटलं का?"

"यंत्रच ते, बाई. त्यात वेगळं काय वाटणार?"

"मग ही उशी? पेशंट आठला येतो. बाकीच्या थिएटरांत तुम्ही तो आल्यावर उशी ठेवता. इथं सातलाच का?"

मामांनी उशी हाताने नीट केली. ती मध्यभागी थोडी अधिक दबलेली होती. ते म्हणाले, "असू द्या. टेबल रिकामं बरं दिसत नाही."

याहून अधिक ते बोलले नाहीत, आणि याहून अधिक विचारण्याचे तिला धैर्य झाले नाही. कोणाला सांगावे? आणि काय म्हणून सांगावे? ज्या डॉक्टरला रिकाम्या नळीत माणूस श्वास घेताना जाणवतो, तिच्या हाती स्वतःचा श्वास कोण देईल? तिने वहीत पुन्हा 'यंत्र ठीक' असे लिहिले. त्या दोन शब्दांखाली आता तिच्या चार सह्या झाल्या होत्या.

५

सोमवारच्या यादीत पहिला पेशंट चष्म्याच्या दुकानात काम करणारा तरुण होता. आतड्याची लहानशी शस्त्रक्रिया होती. मोठा बोलका होता. टेबलावर आडवे होताच त्याने उलट्या चेहऱ्याने मोठ्या बाईंना निरखले.

"मॅडम, तुमच्या चष्म्याची दांडी वाकलीय. अशानं डावा डोळा दुखत असणार."

"दुखतो," बाई म्हणाल्या.

"उठलो की सरळ करून देतो. दोन मिनिटांचं काम."

"आधी उठ तर," बाई म्हणाल्या, आणि सिस्टरसकट सगळे हसले.

धाकटी हसली नाही. सगळा वेळ तिने यंत्राला श्वास देऊ दिला आणि पिशवीला हात लावायचे टाळले. पण शेवटी ते टळण्यासारखे नव्हते. सर्जन टाके घालून बाहेर गेले. स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधावर उताऱ्याचे इंजेक्शन दिले गेले. आता यंत्र बंद करायचे, हाताने पिशवी धरायची आणि तरुणाचा स्वतःचा श्वास परत येण्याची वाट पाहायची. तो आला की घशातली नळी काढायची.

पिशवी हाताखाली ओढली गेली. भरली. पुन्हा ओढली गेली.

"घेतोय का?" टेबलाच्या पायथ्याशी कागद लिहीत बाईंनी विचारले.

"घेतोय," धाकटी म्हणाली.

पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट होती. पण त्या रेघेची बारीक नळी ओलाव्याने दिवसातून दोनदा तुंबे, हे सर्वांना माहीत होते. धाकटीचा हात सांगत होता की श्वास आहे. मऊ, संथ, नियमित. हाताला वाचायला शिकव, असेच तिला शिकवले होते.

मग श्वासाच्या शेवटी ती अडखळ आली.

नाडीबरोबर वाजणाऱ्या टिकटिकीचा सूर रक्तातला प्राणवायू घटला की खाली उतरतो. तो एक पायरी उतरला. मग आणखी एक. धाकटीने पिशवीवरची नजर उचलून तरुणाच्या छातीकडे पाहिले. छाती हलत नव्हती. तिच्या हातात कोणीतरी शांतपणे झोपेतला श्वास घेत होते, आणि समोरच्या माणसाचे ओठ निळसर होऊ लागले होते.

"नाही घेत," ती म्हणाली. "बाई, हा घेत नाहीये."

मोठ्या बाई एवढ्या जलद हलताना कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी तिला खांद्याने बाजूला सारले, पिशवी हातात घेतली आणि दाबली; छाती वर आली. दहा-बारा श्वासांत टिकटिक पुन्हा वर चढली. दहा मिनिटांनी तरुणाने स्वतःच श्वास घेतला, नळी निघाली, आणि भुलीतून उठणारी निम्मी माणसे जे विचारतात तेच त्याने घोगऱ्या आवाजात विचारले, "कधी सुरू करणार?"

"झालं तुझं ऑपरेशन," बाई म्हणाल्या.

"झालं? मग आणा तो चष्मा."

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच असताना बाईंनी दार लावून घेतले. त्या रागावल्या असत्या तर धाकटीला बरे वाटले असते.

"पिशवी हलत होती?"

"हो."

"मी घेतली तेव्हा हलत नव्हती."

धाकटी डोक्यावरची टोपी काढू लागली.

"मी तुला खोटारडी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी पिशव्या धरतेय, हाताला काय काय जाणवतं ते तुला सांगायला बसले तर तू हे शिक्षणच सोडशील. पण या हाताखाली आज एक माणूस होता, आणि तो तुला कळला नाही. उद्याची यादी तुझ्या एकटीची. तीन लहान ऑपरेशनं आहेत. मी बाहेर बसेन. पुन्हा असं झालं तर मी तुला या विभागातून काढीन. राग म्हणून नाही."

दाराशी थांबून त्यांनी मागे न पाहता विचारले, "त्या गणवेशवाल्या बाईंना तू किती हाका कबूल केल्या होत्यास?"

"तीन."

"मारल्यास किती?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही.

त्या संध्याकाळी घरी कोणी थट्टा केली नाही. तिचा चेहराच तसा असावा. जेवणानंतर भांडी विसळताना तिने आईला विचारले, "मला शाळेसाठी उठवायला तू किती हाका मारायचीस?"

"पहिली हाक तुला ऐकूच जायची नाही. दुसरीला कूस वळायचीस." आईने ताटली पुसून फळीवर ठेवली. "तिसरीसाठी मी खोलीत यायचे. बाहेरून ओरडून काही उपयोग नसायचा. उशाशी बसावं लागायचं."

"आणि उठून मी रडायला लागले तर?"

"तर काय. उठवलं कुणी? मीच ना? मग मीच बसायचे जवळ."

६

मंगळवारी ती सातला थिएटरात पोहोचली. उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन आत आले होते. मामांनी टेबलावर चादर घातली होती, उशी ठेवली होती आणि ते बाहेरच्या खोलीत काही तरी खुडबुडत होते. सगळे इतके नेहमीचे होते, की तिला परत फिरावेसे वाटले.

तिने यंत्र सुरू केले. काटा पाहिला. पिचकाऱ्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. एकही पायरी तिने गाळली नाही. घाई न करणे हाच त्या वेळी तिच्याजवळचा एकमेव धीर होता. मग तिने नळीला मास्क जोडला. या वेळी तिने तो शेजारी ठेवला नाही. उशीच्या खळग्याच्या वर, जिथे तोंड असते त्या उंचीवर, दोन बोटांनी धरला. त्याखाली हनुवटी असल्यासारखा. दुसरा हात तिने पिशवीवर ठेवला आणि ती डोक्यामागच्या आपल्या स्टुलावर बसली.

पिशवी भरली. ओसरली. मास्कमध्ये धुके आले.

पहिल्या दोन हाका तिने अतिदक्षता विभागात उभ्या उभ्या मारल्या होत्या. त्या पुन्हा माराव्या की नाही, याचा तिने रात्री बराच विचार केला होता. आता ती खाली वाकली आणि कानाशी बोलावे तसे म्हणाली, "आजी."

पिशवी अर्ध्यावर थांबली.

खोलीत दुसरा आवाज नव्हता. वायूची बारीक सळसळही तिला ऐकू येईनाशी झाली. मास्कच्या कडेला तिच्या बोटांना काही तरी लागले. जड नव्हते, थंड नव्हते. मान वळवून माणूस आवाजाच्या दिशेने पाहतो, तेवढे ते सरकले. उशीचा खळगा एका बाजूला झुकला. खाली पाहण्याचे तिला धाडस झाले नाही, म्हणून तिने समोर पाहिले. समोर आकड्यांच्या बंद पडद्याची काळी काच होती. त्या काचेत ती स्वतः होती, पांढरी चादर होती, आणि चादरीच्या वरच्या टोकाला, जिथे काहीही असायचे कारण नव्हते तिथे, एक चेहरा होता. तो उलटा होता. हनुवटी वर, कपाळ खाली. काचेत तो तसा दिसायला नको होता, असे तिच्या बुद्धीने एकदा सुचवून पाहिले. पण अतिदक्षता विभागात ओळखायला वेळ लागलेला तो चेहरा तिने या वेळी तत्क्षणी ओळखला. डोळे नुकतेच उघडलेले होते. आपण कुठे आहोत हे ज्याला अजून कळलेले नाही, अशा माणसाचे ते डोळे होते. त्यांत राग नव्हता. राग असता तर सोसणे सोपे गेले असते.

मास्कमध्ये धुके धरले आणि त्या धुक्यामागे ओठ हलले. आवाज झाला असे तिला पुढे कधी खात्रीने सांगता आले नाही. पण भुलीतून उठणारी निम्मी माणसे काय विचारतात, हे ओठांवरून कळायला आवाज लागत नाही.

कधी सुरू करणार?

उठवणे एवढेच आपले काम, असे धाकटी समजत होती. उठलेल्या माणसाला पुढे काही सांगावे लागते, हे तिने ध्यानातच घेतले नव्हते. आणि हे सांगायला दुसरे कोणी येणार नव्हते. तिचे पाय स्टुलावरून उठून दाराकडे धावायला तयार होते. कचेरीत एक सही राहिली आहे, असे आत्ता कोणी येऊन सांगितले असते तर ती गेली असती. कोणी आले नाही. ती बसून राहिली.

"झालं, आजी," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं. मला यायला उशीर झाला. सगळंच होऊन गेलं, आजी. पण मी इथं आहे."

पिशवी भरलेलीच राहिली. एखादी गोष्ट ऐकल्यावर माणूस श्वास धरून ठेवतो, तशी ती भरलेली राहिली. घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फिरला तरी तशीच. धाकटीच्या बोटांना ती दाबून रिकामी करण्याची विलक्षण घाई झाली. मग तिला शिकवण आठवली. तिने हात सैल सोडला. भांडायचे नाही.

तेव्हा तो श्वास सुटला. सावकाश, लांबच लांब, एकाही अडखळीशिवाय. तळहाताखालचे रबर वळ्या पडत बसले आणि रबरासारखे झाले. मास्क आतून निवळला. काचेत ती एकटी होती, आणि चादर.

मामा दारात उभे होते. केव्हापासून ते तिला ठाऊक नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"झाल्या का जाग्या?" त्यांनी विचारले.

धाकटीने मान डोलावली.

मामा टेबलापाशी आले. रोज पेशंट येण्याआधी ते चादर बदलत. त्यासाठी त्यांनी उशी उचलायला हात घातला, आणि तो तिथेच ठेवला. उशीच्या खळग्यात तळवा टेकून ते थोडा वेळ नुसते उभे राहिले.

"ऊब आहे अजून," ते म्हणाले. "थांबू जरा."

दोघे टेबलाच्या दोन बाजूंना थांबले. बाहेर चाकांचा आवाज आला. पहिला पेशंट आला होता, सिस्टर त्याला नाव विचारत होती. मोठ्या बाईंनी दार ढकलून आत डोकावले. चष्म्याची दांडी सरळ झाली होती. त्यांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिले, मामांच्या हातातल्या टोपीकडे पाहिले, आणि दार हलकेच पुन्हा ओढून घेतले. बाहेर त्यांचा सावकाश आवाज ऐकू आला, "दोन मिनिटं थांबा. आत तयारी चालू आहे."

त्या दिवशी तीन नंबरमधला पहिला पेशंट सात मिनिटे उशिरा आत गेला. उशिराचे कारण नोंदवहीत लिहिण्याचा नियम आहे. तो रकाना कोरा आहे. त्याखाली, यंत्राच्या रकान्यात, धाकटीच्या अक्षरात 'ठीक' असे लिहिलेले आहे, आणि तिची सही आहे.